लेखक गावात येताहेत: व्याख्यान, सही आणि रांग यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव. यांपैकी कुठेही एखाद्या कादंबरीकाराचं व्याख्यान किंवा प्रकट मुलाखत ठरली की तेच ते प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत तिथे क्रमांक दिला आहे.

१. कार्यक्रमाची खबर वेळेवर मिळते कुठे? आम्हाला नेहमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सत्काराचा फोटोच दिसतो.

पेपरच्या स्थानिक पानावर ‘शहरात आज’ अशी छोटी चौकट असते, पण ती त्याच सकाळी येते. गावातल्या माणसाला ती पुरते, चोपडा किंवा शहाद्याहून येणाऱ्याला नाही. सगळ्यात आधी कळतं ते पुस्तकविक्रेत्याला, कारण प्रकाशकाकडून त्या लेखकाच्या पुस्तकांचा गठ्ठा आठ-दहा दिवस आधी मागवावा लागतो. तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला ‘हे लेखक आले तर कळवा’ एवढं सांगून ठेवा. त्याखालोखाल ग्रंथालयाचा फळा (जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय अशी जुनी ग्रंथालयं इथे आहेतच) आणि महाविद्यालयाचा मराठी विभाग.

२. निमंत्रणपत्रिका मिळालेली नाही. गेलं तर कोणी अडवेल का?

नाही. पत्रिकेवर किंवा फलकावर ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिलं नसलं तरी वाचनालय आणि व्याख्यानमालेचे कार्यक्रम बहुतेक खुलेच असतात. अपवाद दोन. एक, खासगी संस्थेच्या आवारातला कार्यक्रम. तिथे फाटकावर नाव नोंदवावं लागतं. दुसरा, महाविद्यालयाचा फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला कार्यक्रम. तिथेही मराठी विभागप्रमुखांना आदल्या दिवशी फोन केला तर सहसा ‘या की’ असंच उत्तर मिळतं.

३. पत्रिकेवर साडेपाच लिहिलंय. खरं किती वाजता सुरू होतं?

लेखकाच्या तोंडचा पहिला शब्द ऐकू यायला पावणेसात धरा. त्याआधी दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय एवढं सगळं होतं. वेळेवर सुरू झालं तरी यात अर्धा-पाऊण तास जातोच. हिवाळ्यात आणखी एक कारण असतं. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला दुपारी कोणाच्या तरी मळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीला नेतात, आणि तिथून कोणी वेळेवर उठत नाही.

म्हणून साडेसहाला निघाला असाल तर फसाल. पुस्तकांचं टेबल सुरुवातीलाच मोकळं असतं, आणि जागाही तेव्हाच मिळते. पहिल्या दोन-तीन रांगा ‘राखीव’च्या चिठ्ठ्या लावून धरलेल्या असतात, तिथे बसून नंतर उठण्यापेक्षा चौथी-पाचवी रांग धरा. आत शिरल्यावर व्यासपीठाच्या पायऱ्या डावीकडे आहेत की उजवीकडे ते आधी बघा आणि त्याच बाजूची कडेची खुर्ची घ्या. सही घेणारे शेवटी त्याच पायऱ्यांकडे वळतात. मधल्या खुर्चीतून बाहेर पडेपर्यंत तुमच्यापुढे चाळीस माणसं झालेली असतात.

४. आम्ही बाहेरगावचे. परतीची गाडी आणि सही, दोन्ही जमेल का?

हिशेब उलटा करा: आधी शेवटची गाडी, मग कार्यक्रम. पावणेसातला सुरू झालेलं भाषण आठच्या आसपास संपतं, मग अध्यक्षीय समारोप, आभार, आणि साडेआठला सह्या. दीडशे माणसं रांगेत असतील आणि एकेकाला चाळीस सेकंद लागले तर शंभर मिनिटं होतात. म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस सव्वादहाला मोकळा.

जळगाव-भुसावळ पंचवीस-एक किलोमीटर, रात्रीही काही ना काही मिळतं. धुळे-जळगाव नव्वदच्या पुढे आहे, आणि रेल्वेने जायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते, बसच बरी. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावकरांना सुरत-भुसावळ मार्गाच्या गाड्या आहेत, पण रात्रीच्या वेळा मोजक्या. तालुक्याच्या पलीकडे जायचं असेल तर मुक्कामी एस.टी. किती वाजता सुटते ते आगारातच विचारा, फोनवरच्या वेळापत्रकावर जाऊ नका. महिलांना एस.टी.त २०२३पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा.

गाडी चुकणारच असेल तर सही कार्यक्रमाआधी मागायची सोय प्रश्न १२मध्ये आहे.

५. कादंबरी वाचलेलीच नाही. जाऊ की नको?

जा. फक्त सही घेताना ‘सगळी पुस्तकं वाचलीत सर’ असं म्हणू नका. पुढचा प्रश्न ‘कुठलं आवडलं?’ हाच असतो. ‘आजच घेतलं, आता वाचणार’ यात काही कमीपणा नाही. वेळ असेल तर पहिली तीस-चाळीस पानं वाचून जा. मुलाखतकार बहुधा सुरुवातीच्या प्रकरणांवरच विचारतो, कारण शेवट फोडायचा नसतो.

६. घरची प्रत न्यावी की तिथे विकत घ्यावी?

दोन्ही चालतं. घरची, वापरलेली, समासात खुणा केलेली प्रत पाहून बहुतेक लेखक खूशच होतात. तिथे घेणार असाल तर टेबलावर सहसा दहा ते वीस टक्के सवलत असते. नवी कादंबरी आधी संपते, जुनी पुस्तकं उरतात. म्हणून खरेदी कार्यक्रमाआधीच करा. सभागृहात नेटवर्क दगा देतं आणि शंभर जण एकाच वेळी क्यूआर कोड स्कॅन करत असतात, तेव्हा पाचशेच्या एका नोटेपेक्षा शंभराच्या पाच नोटा खिशात असलेल्या बऱ्या.

घेताना पुस्तक उघडून पाहा. एखादा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा) उलटा बांधलेला, कोरी पानं, दोनदा आलेली पानं असे दोष निघतात. सही झाल्यावर प्रत बदलून मिळत नाही.

७. सही कुठल्या पानावर घ्यायची, आणि कुठल्या पेनाने?

मुखपृष्ठ उलटल्यावर कोरं पान लागतं, त्यानंतर बहुधा फक्त पुस्तकाचं नाव छापलेलं पान येतं, मग नाव, लेखक, प्रकाशक असलेलं शीर्षकपान. या दोन छापील पानांपैकी एकावर सही घ्या. कोरं पान सुटून गेलं तर सहीही जाते, आणि कापडी किंवा पुठ्ठा बांधणीत त्या पानाचा दुसरा अर्धा भाग पुठ्ठ्याला चिकटवलेला असल्याने ताण पडून ते फाटतंही. आतली पानं गडद रंगाची असतील तर त्यावर निळी शाई दिसतच नाही.

पेन: ०.५ किंवा ०.७ मि.मी.चा काळा किंवा निळा जेल पेन. मराठी कादंबऱ्यांच्या मॅपलिथो (साध्या, बिनचकाकीच्या) कागदावर जेलची शाई अर्ध्या मिनिटात वाळते. शाईपेन दिसायला देखणं, पण हलक्या कागदावर अक्षराला मिशा फुटतात. स्केच पेन आणि मार्कर मागच्या पानावर उतरतात. साधं बॉलपेन चालतं, पण दाब द्यावा लागत असल्याने तीन पानं खाली वळ उठतो. आर्ट पेपरसारख्या गुळगुळीत पानावर मात्र जेल पाच-दहा मिनिटं ओलं राहतं. तिथे पुस्तक लगेच मिटलं की समोरच्या पानावर सहीचा आरसा उमटतो. अशा वेळी टीपकागद, नाहीतर घडी घातलेला साधा कोरा कागद मध्ये ठेवा. टिश्यू घासू नका, नुसता ठेवा.

पेन आधी कागदावर चालवून पाहा. ऐन वेळी न उठणारं पेन झटकताना शाईचे थेंब लेखकाच्या शालीवर गेलेले लोकांनी पाहिलेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ते पान आधीच काढून, कागदाची पट्टी घालून ठेवा. पुस्तकाला जाकीट (वरचं सुटं वेष्टन) असेल तर त्याचा आत दुमडलेला पंखच पानात खोचा. एकेकाने पान शोधायला दहा सेकंद घेतले तर दीडशे माणसांत पंचवीस मिनिटं जातात.

८. लेखकाने माझं नाव चुकवू नये म्हणून काय करू?

तोंडी सांगू नका. सभागृहात ध्वनिक्षेपक चालू असतो, मागे गलका असतो, आणि नावांत ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ हजार: मनीषा की मनिषा, ज्योती की ज्योति, किर्ती की कीर्ती, ऋतुजा की रुतुजा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी घ्या, त्यावर ठळक देवनागरीत जसं हवं तसं लिहा आणि सहीच्या पानावर टाचणी न लावता ठेवा. टाचणीचा गंज पावसाळ्यात पानावर उतरतो.

चिठ्ठीवर आणखी काय हवं ते स्पष्ट असू द्या. ‘फक्त सही’ हवी की ‘सौ. व श्री.’सह, मुलाचं नाव आधी की आईचं, आडनाव हवं की नको. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन एवढे आहेत की नुसतं ‘पाटील यांना’ लिहिलं तर पुढच्या पिढीत ते कुठल्या पाटलांचं, यावर भांडण. ‘भाऊ’, ‘आप्पा’, ‘नाना’ ही घरातली हाकेची नावंही चालतात, पण चिठ्ठीवर लिहिलेली असली तरच. तारीख आणि गाव मात्र मागाच: ‘अमळनेर’ हा शब्द लेखकाच्या अक्षरात असणं ही वेगळीच गोष्ट आहे.

९. किती पुस्तकं घेऊन जाऊ?

दोन. तीन असतील तर रांगेच्या शेवटी उभं राहा किंवा पुन्हा रांगेत या. बारा पुस्तकांची पिशवी घेऊन मध्येच उभ्या असलेल्या माणसाकडे मागचे कसे बघतात ते एकदा बघून या. संग्रह मोठा असेल तर लेखकाला पत्राने किंवा प्रकाशकामार्फत आधी विचारा.

१०. समोर गेल्यावर बोलायचं काय? आणि हाक कशी मारायची?

‘सर’ किंवा ‘मॅडम’ सगळीकडे चालतं. वयाने मोठ्या लेखकाला आपल्याकडे सहज ‘आबा’, ‘आप्पा’ म्हटलं जातं, पण पुण्या-मुंबईचा पाहुणा त्याने गोंधळतो. तो ‘ताई’, ‘दादा’ला सरावलेला असतो. पाया पडणं तुमच्या मनावर, पण रांगेत उभे असताना टेबलाखाली वाकू नका. पाण्याचा ग्लास तिथेच असतो.

बोलायला एक वाक्य पुरे, आणि ते ठोस असावं. ‘खूप छान लिहिता’ हे त्या संध्याकाळचं सत्तरावं ‘खूप छान’ असतं. त्याऐवजी ‘विहिरीवरचं ते भांडण वाचताना आमच्या भाऊबंदकीची आठवण झाली’ असं म्हटलं तर मान वर होते. पेन थांबतं, तुम्हाला वीस सेकंद जास्त मिळतात, आणि तेही कोणाला खुपत नाही.

टाळायच्या गोष्टी: दुसऱ्या लेखकाशी तुलना, ‘पुढचा भाग कधी?’, आणि ‘ही नायिका खरी कोण?’

११. प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारायचा आहे. अहिराणीत विचारला तर चालेल?

चालेल, आणि सभागृह खूशही होईल. ‘माले तुमनं पुस्तक भलतं आवडनं’ एवढ्यावर टाळ्या पडतातच. पण लेखक बाहेरचा असेल तर खरा प्रश्न प्रमाण मराठीत एकदा पुन्हा सांगा, नाहीतर उत्तर भाषेच्या गोडव्यावर येतं आणि प्रश्न राहून जातो. जळगावात आलेला पाहुणा पहिल्या पाच मिनिटांत बहिणाबाईंची ओळ म्हणतोच. तिच्यावरून ‘ही आमची अहिराणी’ असं सांगू नका. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली म्हणून ओळखली जाते, आणि सभागृहात कोणीतरी उठून दुरुस्ती करतोच.

बऱ्याच ठिकाणी प्रश्न चिठ्ठीवर मागतात. दोन ओळींत, वाचता येईल असं लिहा. तीन उपप्रश्न असलेली चिठ्ठी सूत्रसंचालक बाजूला ठेवतो. उभं राहून विचारायचं तर ‘प्रश्नाआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो’ असं म्हणू नका. त्या वाक्याला सभागृह घाबरतं.

१२. आमची परतीची गाडी लवकर आहे. कार्यक्रमाआधी सही मिळू शकेल का?

कधी कधी. लेखकाच्या खोलीवर किंवा ग्रीनरूममध्ये थेट घुसू नका. पुस्तकविक्रीच्या टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्याला पान काढलेली प्रत आणि चिठ्ठी (प्रश्न ७, ८) देऊन गावाचं नाव व गाडीची वेळ सांगा. चहा चालू असताना पाच-सात प्रती आत नेऊन सह्या करून आणणं त्यांना अवघड नसतं. घाईघाईने आत हात घालणाऱ्या दहा जणांपेक्षा ही चिठ्ठीच आधी जाते. प्रतीवर मागच्या बाजूला पेन्सिलने आपला फोन नंबर लिहून ठेवा, अदलाबदल होते.

१३. रांगेत उभे होतो आणि लेखक निघून गेले. आता?

नऊ-साडेनऊनंतर हे घडतं. लेखकाची रात्रीची गाडी असते, आणि गेल्या तासाभरात सहीपेक्षा सेल्फीतच जास्त वेळ गेलेला असतो. आयोजकांकडे प्रत आणि चिठ्ठी ठेवू शकता, पण ती लेखकासोबत गेली तर परत येईलच असं नाही. त्यापेक्षा प्रकाशकाच्या पत्त्यावर छोटं पत्र पाठवा: आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट आणि पोस्टकार्डाएवढा जाड कोरा कागद. त्यावरची सही पुस्तकात चिकटवता येते. चिकटवायला सेलोटेप नको, तो चार-पाच वर्षांत पिवळा पडतो आणि कागद खातो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ फक्त वरच्या कडेला लावा.

१४. फोटो आणि रेकॉर्डिंग?

सही चालू असताना मागच्या माणसाकडे फोन द्या आणि त्याला आधीच बटण दाखवून ठेवा. लेखकाला उभं करून, चष्मा नीट करायला लावून सेल्फी नको. भाषणाचं स्वतःपुरतं ध्वनिमुद्रण बहुतेक ठिकाणी चालतं, पण पूर्ण भाषण यूट्यूबवर टाकायचं तर परवानगी हवी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क सहसा भाषण करणाऱ्याचाच असतो, ते चौकात केलेलं असलं तरी.

१५. ग्रंथालयाची प्रत, जुन्या बाजारातली प्रत, झेरॉक्स: यांवर सही घेता येते?

ग्रंथालयाची प्रत तुमची नाही. ग्रंथपालांनी सांगून पाठवलं असेल तर सही ग्रंथालयाच्या नावाने घ्या. दाखलनोंदीच्या शिक्क्यावर ती येऊ देऊ नका. जुन्या बाजारातली प्रत खुशाल न्या. त्यावर आधीच्या मालकाचं नाव असेल तर ते खरवडू नका, खाली सही घ्या. लेखकाने पूर्वी कोणाला ‘सप्रेम भेट’ दिलेलीच प्रत तुमच्या हाती लागली असेल तर मात्र जरा विचार करा. काही लेखक हसतात, काहींना लागतं. झेरॉक्स किंवा चोरून छापलेली प्रत पुढे करू नका. फुटपाथवर अर्ध्या किमतीत मिळालेली, फिकट छपाईची, पानांच्या कडा वाकड्या कापलेली प्रत लेखक लांबूनच ओळखतो.

१६. अनुवादित कादंबरी आहे. सही कोणाची घेऊ?

दोघांची. मूळ लेखक आलेले असतील तर शीर्षकपानावर त्यांची, अनुवादकाच्या छापील नावाजवळ जागा मोकळी ठेवा. अनुवादक बहुधा गर्दीतच कुठेतरी उभे असतात आणि त्यांना सही कोणी मागत नाही.

१७. मी स्वतः लिहितो. माझं हस्तलिखित देऊ का?

रांगेत नको. दोनशे पानांची फाइल लेखक हातात घेतो, बाजूच्याला देतो, आणि ती अतिथिगृहात राहते. पत्ता मागा, मिळाला तर आठवड्याने एकच प्रकरण पाठवा.

१८. साहित्य संमेलनात सही घेणं याहून वेगळं असतं का?

बरंच. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ला अमळनेरला ९७वं अखिल भारतीय संमेलन झालं (त्याआधीचं अमळनेरचं संमेलन १९५२चं). अशा गर्दीत व्यासपीठाजवळ सही मिळण्याची आशाच सोडा. लेखक ग्रंथप्रदर्शनात आपल्या प्रकाशकाच्या गाळ्यावर बसतात, साधारण परिसंवाद संपल्यावर तासभर. सकाळी गाळ्यावर जाऊन ‘ते किती वाजता येतील?’ एवढं विचारून ठेवा. दुपारी जेवणाच्या वेळेला मंडप ओस पडतो, तेव्हा कधी कधी लेखक एकटेच बसलेले सापडतात.

१९. आम्ही महाविद्यालयात कार्यक्रम ठेवतोय. सह्यांची व्यवस्था कशी करावी?

सह्या व्यासपीठावर ठेवू नका, खाली ठेवा: एका बाजूने येणं, दुसऱ्या बाजूने जाणं. टेबल जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीचं हवं; सत्काराची बुटकी तिपाई दिली तर लेखकाची पाठ अर्ध्या तासात धरते. वर दिवा, बाजूला पाणी, तीन चालू पेनं. शाल, श्रीफळ आणि गुच्छ त्या टेबलावरून उचला. एक विद्यार्थी पान उघडून पुढे सरकवायला आणि एक चिठ्ठ्या वाटायला, म्हणजे दीडशे जण सव्वा तासात होतात. लेखक सत्तरी ओलांडलेले असतील तर शंभर प्रतींवर थांबा आणि ते आधी जाहीर करा. जमलंच तर विक्रीच्या पन्नास प्रतींवर दुपारीच नुसत्या सह्या घेऊन ठेवा. मात्र न खपलेल्या सही केलेल्या प्रती परत जातील का, हे विक्रेत्याशी आधी ठरवा.

२०. लेखकाने नाव चुकीचं लिहिलं, किंवा सही पसरली. दुरुस्त कसं करू?

चूक तिथल्या तिथे दाखवली तर लेखक खाडाखोड करून शेजारी आद्याक्षर घालतात. व्हाइटनर लावू नका, तो कागदावर कवचासारखा बसतो आणि पुढे पापुद्रा निघतो. पसरलेली सही पूर्ण वाळू द्या. घासलं तर निळा ढग आणखी पसरतो. घरी आल्यावर पुस्तक आडवं ठेवा, उभं नाही, आणि सहीच्या पानात एक कोरा कागद राहू द्या.

मे महिन्यात जळगाव-भुसावळची चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री असते. गाडीच्या काचेमागे पुस्तक विसरलात तर पाठीचा गोंद मऊ होतो, पानं सुटतात, आणि सहसा पहिली सुटतात ती सुरुवातीचीच.